ओल्या लोकरीचा वास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लेकाला नाही, सुनेला नाही, विहारातल्या बायकांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असता तर तुम्हीही म्हणाला असता — मंगलबाई, तुमचं मन लई मोठं. आमची सगळी गल्ली तेच म्हणते. त्या मोठ्या मनाचीच ही गोष्ट आहे.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी जुन्या काळच्या फौजांची जाकिटं शिवते. लाल, निळी, हिरवी. छातीवर पितळी बटणांच्या दोन रांगा, ताठ कॉलर, मागं लहानशी शेपटी. हसू नका. परदेशात हौशी माणसं असतात, ती दोनेकशे वर्षांपूर्वीच्या लढाया सुट्टीच्या दिवशी मैदानात पुन्हा खेळतात. बंदुकीचा नुसता धूर, मरण तर साफ खोटं — पण जाकीट मात्र खरं लागतं. ते उलटं करून आतले टाके बघतात. काज हातानं केलंय की मशीननं, अस्तर कसलं, कॉलरच्या आत काय भरलंय, सगळं बघतात. आमच्या शेठनी — म्हणजे बाहेरदेशी माल पाठवणारे एक गृहस्थ, त्यांना आम्ही शेठच म्हणायचो — पहिल्यांदा हे समजावलं, तेव्हा अनू म्हणाली, "म्हंजे सकाळी मरायचं आन् संध्याकाळी जेवायला घरी? मग बरं हाय की!" आम्ही दोघी इतक्या हसलो की शेठ कावरेबावरे झाले.

अनू म्हणजे अनसूया. माझ्यापेक्षा लहान, विणकरांच्या घरची, घरात तेलुगू बोलणारी. मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायची. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात आम्ही भेटलो. ती काज-बटणाला होती आणि मी कटिंगच्या टेबलाखाली. टेबलाखाली म्हणजे खरंच खाली — चिंध्या गोळा करायच्या, बंडलं बांधायची. तिच्या हातात जादू होती, हे मी तेव्हाच ओळखलं होतं. काज हे काय शिकवायचं काम आहे का, असं बाकीच्या म्हणायच्या. ही मात्र नवीन आलेल्या प्रत्येक पोरीला शेजारी बसवून, सुई दिसेल असा हात वळवून दाखवायची. "हे बघ, हितं कोपऱ्यावर धागा ओढायचा न्हाय, नुसता बसवायचा." कुणाही परक्या पोरीला. मला तिचं हसू यायचं. असं सगळं वाटत सुटलं तर स्वतःजवळ काय राहणार?

कटिंग मास्तरांचं तसं नव्हतं. आमच्या धंद्यात एक रीत आहे, कुणी लिहून ठेवलेली नाही पण सगळे पाळतात. मास्तर खडू मारताना मुंढ्याशी आला — मुंढा म्हणजे जिथं बाही अंगाला जोडतात ती गोलाई — की पाठ फिरवतो. ते वळण त्याचं स्वतःचं असतं. ते बघू द्यायचं नाही. आमचे मास्तर तर मी खाली आहे हे माहीत असूनही टेबलावर आडवे होऊन खडू मारायचे. बाईला कशाला पाहिजे कटिंग, असं तोंडावर म्हणायचे. मग मी काय केलं? मुंढा कापल्यावर जी चिंधी खाली पडते तिच्यात तेच वळण उलटं राहतं. त्या चिंध्या मी पिशवीत भरून घरी न्यायचे आणि फरशीवर एकीला एक लावून बघायचे. मी अशी मास्तरीण झाले. कुणीही शिकवलं नाही मला. आणि त्या फरशीवर बसून मी शंभर वेळा स्वतःला म्हटलं होतं की माझ्या हाताखाली कुणी आलं तर मी पाठ फिरवणार नाही.

लक्षात ठेवा हे. मी विसरले, तुम्ही तरी ठेवा.

शेठ आमच्याकडे आले ते मोठ्या कारखान्यांनी हाकलल्यावर. त्या कारखान्यांना हजारोंचा एकसारखा माल हवा असतो; एवढ्याशा जाकिटासाठी कोण बसणार? शेठनी एक जुनं जाकीट नमुना म्हणून आणलं होतं. मी ते हातात घेतलं आणि मला काही सुचेना. पाठ इतकी अरुंद, मुंढा इतका वर, बाही पुढं वाकलेली — आपल्याकडचा कुठलाही मास्तर म्हणेल की हे चुकलंय. शाळेच्या गणवेशाला आपण वाढत्या पोरासाठी आत माया, म्हणजे जादा कापड, सोडतो. ह्यात बोटभर माया नाही. पण मी फरशीवर शिकलेली बाई. मी ते अंगावर चढवलं, हात पुढं केला बंदूक धरल्यासारखा, आणि मला कळलं की ते तसं का आहे. अनूनं बटणं बघितली, काज बघितली, आणि म्हणाली, "अक्का, घे की. मी हाय."

तशी सुरुवात झाली. कापायचं माझ्या घरी, शिवायचं अनूच्या घरी. तिच्या सासऱ्यांचे माग विकले गेले होते, त्या रिकाम्या खोलीत आम्ही मशिनी टाकल्या. मी कापलेली बंडलं रिक्षात घालून तिच्याकडे धाडायचे, ती तयार जाकिटं घेऊन यायची. दुपारी माझ्याकडे एकाच डब्यातली भाकरी आणि शेंगाचटणी. बाहेर नाव मात्र माझं झालं. मंगलबाईंची जाकिटं. हातशिलाई सगळी तिची, काज तिची, कॉलर तिनं रात्रंदिवस बसून ताठ केलेल्या — आणि शेठ फोनवर म्हणायचे, आमच्या मंगलबाई. अनू शेजारी बसून ऐकायची. मी एकदाही म्हटलं नाही की शेठ, दोघी आहोत. का म्हटलं नाही? सुचलं नाही असं म्हणू शकते, पण सुचलं होतं.

आता पाण्याचं सांगते.

पहिल्याच वर्षी उन्हाळ्यात माझा कूलर गळत होता. खाली कापलेल्या लोकरीच्या तुकड्यांची चवड होती. त्यातली एक बाही भिजली. सोलापूरचा उन्हाळा, दुपारपर्यंत ती कडकडीत वाळली. मी बंडल बांधायला घेतलं तर ती बाही तिच्या जोडीच्या बाहीपेक्षा दोन बोटं आखूड. आधी मला वाटलं मीच चुकले. मग एक वेगळा तुकडा मापून बादलीत टाकला, सावलीत वाळवला, पुन्हा मापला. आटला होता. जाड लोकर पाण्यातून काढल्याशिवाय कापायची नसते, हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही सगळी हयात टेरिकॉट शिवलेली माणसं, टेरिकॉटला पाणी काय आणि ऊन काय, सगळं सारखंच. आमच्याकडे लोकर अंगावर घालतो कोण? सांगोल्याकडचे मेंढपाळ घोंगडी वापरतात, तेवढीच आमची लोकरीशी ओळख. हे आम्हाला माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं.

त्यानंतर मी दर रविवारी, विहारातून वंदना करून आले की, गच्चीवर कापड भिजवायला लागले. सगळा तागा उलगडायचा, मोठ्या घमेल्यांत दाबायचा, दोरीवर सावलीत टाकायचा. रविवारी अनू यायची नाही, तिचा तो धुण्याचा आणि देवाचा दिवस. तिला मुद्दाम लपवावं म्हणून मी रविवार निवडला का? तेव्हा तरी नाही. रविवारी गच्ची मोकळी असायची, एवढंच.

पण एकदा बंडल सोडताना तिनं नाक वर केलं आणि विचारलं, "अक्का, ह्या कापडाला वास कसला गं, ओल्या मेंढरागत?"

सांगायला काय जात होतं? एक वाक्य होतं. मी म्हणाले, "कोंदटलंय गं, घरात ओल हाय." आणि मनातून बरं वाटलं. हेही कबूल करते की मनातून मला गार वाटलं. आता माझ्याकडेही एक वळण होतं जे फक्त माझं होतं. ज्या माणसांनी माझ्याकडे पाठ फिरवली त्यांच्या रांगेत मी जाऊन बसले, आणि मला तो मान वाटला. हातचं राखून ठेवलं नाही तर मास्तर कसला?

तरी इथवरचं पाप लहान आहे. इथंच थांबलं असतं तर मी हे तुम्हाला सांगायला बसलेच नसते.

काही वर्षं चांगली गेली. मग एकदा मी नव्या पेठेत बटणांच्या दुकानात गेले होते. दुकानदार पितळी बटणं कागदावर ओतता ओतता सहज म्हणाला, "बाई, आता वेगळं न्यायलाय व्हय तुमी दोघी? अनसूयाबाई परवाच तसलीच घेऊन गेल्या की. लई नेली."

मी म्हणाले, "व्हय, मीच सांगितलं होतं."

बघा, खोटं कसं पटकन येतं. दुकानातून बाहेर आले तर रस्त्यावर एवढी माणसं, रिक्षांचे भोंगे, आणि मला कुठं वळायचं तेच कळेना. तसली बटणं फक्त शेठच्या मालाला लागतात. माझ्या जिवाभावाची बाई माझ्या मागं शेठकडून वेगळं काम घेते. माझ्यासोबत एकाच डब्यातली भाकरी खाते, मला अक्का म्हणते, आणि घरी जाऊन स्वतःचा तागा उलगडते! मला राग आला नाही आधी. आधी रडू आलं. रसाच्या गाड्यामागं तोंड करून मी उभ्या उभ्या रडले. दगा म्हणतात तो हाच, असं वाटलं. नवरा गेला तेव्हा कुणाचा दोष नव्हता, आजार होता. हे तर माणसानं केलं होतं, हसत हसत.

राग मागाहून आला आणि तो मुक्कामालाच आला. मी तिला काही विचारलं नाही. वाट बघितली. ती रोज यायची, भाकरी मोडायची, लेकीच्या कॉलेजचं बोलायची, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत बसायचे — आज बोलेल, आत्ता बोलेल. ती नजर चुकवायची. चटणी वाढू का म्हटलं तर दचकायची. तिला आतून काहीतरी टोचतंय हे मला दिसत होतं. मी विचारलं असतं तर तिनं तिथंच सांगून टाकलं असतं. पण मला ते विचारायचं नव्हतं. मला ती चुकलेली बघायची होती.

मग एका दुपारी ती आली ती डबा न घेताच. मी टेबलाशी उभी होते, हातात मोठी कात्री. ती दारातच उभी राहिली आणि एका दमात बोलली.

"अक्का, मी शेटकडनं एक काम घेतलंय. माझं मी. तुला सांगणारच होते, पण शेट म्हणले आत्ताच कुणाला बोलू नका, आन् मी भ्याले. तुझं काम सोडणार न्हाय मी, आईशप्पत. पर एकदा — एकदा माझ्या नावानं जाऊ दे की गं माल. माझी पोरगी म्हणती, अम्मा, तू करतीस आन् नाव कुणाचं?"

मी काय म्हणाले असेन? मी हसले. "अगं मग चांगलंच हाय की," असं म्हणाले. तिचा जीव भांड्यात पडला. ती माझ्याजवळ आली, माझ्या हाताला धरलं, आणि मग विचारलं. शब्द न् शब्द आठवतो मला.

"अक्का, एक इचारू? कापड आलंय माझं. तुझं येतंय त्याच व्यापाऱ्याकडनं. पर आपल्या कापडाला तो वास यायचा बघ, मेंढराचा. ह्या कोऱ्या कापडाला येत न्हाय. कापायच्या आधी काय करायचं असतंय का?"

माझ्या हातातली कात्री उघडझाप होत होती. ती म्हणाली, "रिकामी कात्री वाजवू नको अक्का, भांडण होतंय." मी कात्री टेबलावर ठेवली.

मी तुम्हाला सांगू शकते की मला दुखलं होतं. सांगितलंच आहे मघाशी. मी सांगू शकते की ती माझ्या मागून गेली होती. पण त्या क्षणी ती मागून आलेली नव्हती, समोर उभी होती, माझ्या तोंडाकडे बघून विचारत होती, जसं कारखान्यात कुठलीही पोर तिला विचारायची आणि ती हात वळवून दाखवायची. आणि मला उत्तर माहीत होतं. दोरीवर गच्चीत त्या वेळीसुद्धा आदल्या दिवशीचा एक तुकडा लटकत होता.

मी म्हणाले, "न्हाय गं. काय करायचंय? उलगडायचं, खडू मारायचा, कापायचं."

वर मुंढ्याचं वळण तिला आपणहून काढून दिलं. खाकी कागदावर, समोर बसवून, पाठ न फिरवता. ती पाया पडायला वाकली. मी तिला वाकू दिलं. जाताना जिन्यावरून म्हणाली, "अक्का, तुझ्यासारखी तूच." हे ऐकून मी आत आले आणि काम करू लागले. तुम्हाला वाटत असेल मी त्या रात्री झोपले नसेन. झोपले, चांगली झोपले.

तिची जाकिटं फार सुंदर झाली होती. मला दाखवायला आणली होती तिनं. मी एकेक काज बघितलं आणि खरंच सांगते, माझ्या नावानं इतकी चांगली जाकिटं कधी गेली नव्हती. अजून वेळ होती, तेव्हाही. म्हणू शकले असते — अनू, थांब, एकदा पाण्यातून काढून बघ एक. एक जाकीट वाया गेलं असतं, बाकीचं काहीतरी करता आलं असतं. मी म्हणाले, "नजर लागेल, झाकून ठेव."

तिकडे लढाईच्या दिवशी पाऊस आला. शेठ फोन घेऊन माझ्याकडे आले आणि चित्रं दाखवली. गोरी धिप्पाड माणसं चिखलात उभी, आणि सगळ्यांच्या बाह्या मनगटाच्या वर चढलेल्या. भिजून शेकोटीशी वाळवल्यावर कापड आटलं होतं आणि सुती अस्तर नव्हतं आटलं. ते कडेनं लोंबत होतं. एकाची पाठ मधोमध उसवली होती. एक जण हात पसरून हसत होता, बुजगावणं करतात तसा. मी ते चित्र बोटानं मोठं करून बघितलं. कॉलरवरचं अनूचं टाक्यांचं काम तसंच ताठ होतं.

शेठ म्हणाले, "हलकं कापड घातलं बाईनं. मधल्या मधे खाल्लं असणार. तुम्ही कधी असं केलं नाहीत."

आता बघा. आता तर माझा राग फिटला होता. पाहिजे होतं ते मिळालं होतं. आता तरी बोलायला हरकत काय होती? शेठ, कापड तेच आहे, मी वापरते तेच, तिला फक्त एक गोष्ट माहीत नव्हती. मी चहा ठेवायला उठले. चहा देईपर्यंत अनसूयाबाई चोर ठरल्या होत्या, आणि पुढची सगळी कामं माझ्याकडे आली होती.

ही गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. बटणवाल्याला कळलं, अस्तरवाल्याला कळलं. कारखान्यातल्या जुन्या बायका म्हणायला लागल्या की अनसूया तशी नव्हती, पण माणूस बदलतंय. माझी बंडलंही तिच्याकडे जायची थांबली, आणि तिनं मशिनी विकल्या. मग एका सकाळी ती माझ्या दारात आली. केस विंचरलेले, धुतलेली साडी, जणू कारखान्यात नवीन लागायला आली होती. आत आली आणि हात जोडले.

"तुझ्या मागनं गेले अक्का, म्हणून देवानं दाखवलं मला. कापड तेच होतं गं, आईशप्पत तेच होतं, मी हलकं न्हाय आणलं. तू तरी इश्वास ठेव. मला माफ कर. काज करायला ठेव मला."

मी देव मानत नाही. घरात बुद्धाची तसबीर आहे, तिच्याखालीच ती उभी होती. पण त्या दिवशी तिचा देव माझ्या चांगलाच सोयीला आला. मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "असतंय गं एकाच ताग्यात पण डावं-उजवं. झालं गेलं इसरून जा. मी माफ केलं तुला."

मी माफ केलं तुला! मी! तिला!

हेच सांगायचं होतं. कापडाचं तर होतंच, पण मला रात्री आठवतं ते हे. खोटं बोलले, ते रागात होते म्हणून बोलले असं म्हणता येईल. माफी देताना मी रागात नव्हते. तेव्हा मी मोठ्या मनाची झाले होते. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, दगा दिलेल्या बाईला पुन्हा पदराखाली घेतलं, मंगलबाईंनीच करावं. विहारात मला पुढं बसवायला लागले. पंचशील म्हणताना चौथं शील येतं, खोटं न बोलण्याचं. सगळ्यांचा आवाज एकसुरात चढतो आणि माझा तेवढ्यापुरता खाली जातो. शेजारची म्हणते, बाई, घसा बसला का? मी म्हणते, व्हय, गारठा झालाय.

अनू गेली कित्येक वर्षं माझ्याकडे येते आहे. आता सगळं काम माझ्याच घरी, वरच्या मजल्यावर. पोरी आहेत शिकायला. ती त्यांना शेजारी बसवून, सुई दिसेल असा हात वळवून काज शिकवते. माझ्याशी बोलताना तिचा आवाज पहिल्यासारखा मोकळा कधी झाला नाही. कर्जदारासारखी बोलायची, जपून. मी तिला एकदाही म्हटलं नाही की अगं, पुरे आता.

आणि मी अजून रविवारीच कापड भिजवत होते. समजलं ना तुम्हाला? इतकी वर्षं, दर रविवारी, ती येणार नाही त्याच दिवशी. आता मात्र मुद्दाम.

गेल्या हिवाळ्यात तिच्या लेकीला मुलगी झाली. त्या आनंदात अनू रविवारी दुपारी बर्फी घेऊन आली. खाली सून होती, ती म्हणाली आई गच्चीवर आहेत. मला पायऱ्यांवर पावलं ऐकू आली तेव्हा वाटलं नातू असेल. वळून बघितलं तर ती दारात. माझे हात कोपरापर्यंत घमेल्यात. दोऱ्यांवर ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाल लोकर ठिबकत होती, आणि सगळ्या गच्चीला तो वास.

जवळच्या कापडाला तिनं हात लावला, तळवा नाकाशी नेला. पुढं जाऊन कापडाची कड दोन बोटांत धरली, चोळली, सोडली. मग तिथली भिंत बघितली, जिच्यावर मी मापासाठी खडूनं रेघा मारलेल्या असतात — भिजवण्याआधीची रेघ आणि वाळल्यानंतरची रेघ. दोन बोटांचं अंतर. ती त्या रेघांसमोर बराच वेळ उभी होती.

"आटवून घेतीस व्हय आधी," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

"व्हय," मी म्हणाले.

एवढंच खरं मी तिच्याशी बोलले आहे.

ती म्हणाली, "बर्फी खाली ठेवलीय. मुंग्या लागतील, झाकून ठेव." आणि पायऱ्या उतरून गेली. एकेक पायरी, भिंतीला धरून.

दुसऱ्या दिवशी ती येणार नाही असं मला वाटलं. मी खिडकीत उभी होते. ती आली, रोजच्या वेळेला. चपला काढल्या, सुईत धागा ओवला. पोरींशी नातीचं बोलली, हसली. मग आपला पाट उचलला, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला, आणि भिंतीकडे तोंड करून, माझ्या टेबलाकडे पाठ करून बसली. एक पोर म्हणाली, "मावशी, तिकडं का बसला ओ?"

"हितनं उजेड चांगला येतोय," अनू म्हणाली.

तिकडे खिडकी नाही. तिकडे नुसती भिंत आहे.

तेव्हापासून ती तशीच बसते. कुठली पोर काही विचारायला गेली तर अजूनही तिला शेजारी बसवते, हात वळवून दाखवते. मी जवळ गेले की हातातलं जाकीट मांडीवर उलटं ठेवते आणि मी जाईपर्यंत थांबते. मला अक्का म्हणायची थांबली आहे, बाई म्हणते. तिनं कुणाला काही सांगितलेलं नाही, हे मला माहीत आहे, कारण गल्लीत मी अजून मोठ्या मनाचीच आहे. बटणवाला अजून तिला बटणं मोजून, दोनदा मोजून देतो.

मी दिवसभर टेबलाशी उभी राहून कापते आणि मान वर केली की तिची पाठ दिसते. तिनं मला विचारलं होतं. मला माहीत होतं. मी न्हाय म्हणाले.